या घरात राहता येतं का?

घरांची रील्स पाहणाऱ्यांना एक दृश्य एव्हाना पाठ झालं असेल. प्रशस्त हॉल, समोर जमिनीपासून छतापर्यंत काच. कुणीतरी बटण दाबतं, काच सरकते आणि हॉल थेट हिरवळीला भिडतो. खाली कमेंट असते, ‘ड्रीम हाउस’. मलाही ही रील्स आवडतात. पण दर वेळी मला एक जुनं घर आठवतं. तिथली काच बाजूला सरकत नाही. ती मोटारगाडीच्या खिडकीसारखी सरळ खाली, तळघरात उतरते. जवळपास 5 मीटर लांबीची अख्खी काच विजेच्या मोटरवर जमिनीत गडप होते आणि दिवाणखान्याची पडवी होऊन जाते. हे घर 1930 साली बांधून पूर्ण झालं. त्या काळात आपल्याकडे बहुतेक घरांत संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसल्या जात होत्या.

घर आहे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात. नाव व्हिला टुगेंटहाट. आर्किटेक्ट लुडविग मीस व्हॅन डेर रोह. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना हे घर खांबांसाठी, दगडी पडद्यासाठी आणि खुर्च्यांसाठी शिकवलं जातं. मला मात्र त्याच्याबद्दल विचारला गेलेला एक प्रश्न जास्त खुणावतो. घर बांधून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका जर्मन मासिकात लेख आला. त्याचं शीर्षकच होतं: टुगेंटहाट घरात राहता येतं का?

प्रश्न खवचट होता, पण फुकटचा नव्हता. त्याचं उत्तर घरमालकांनी दिलं, समीक्षकांनी दिलं. नंतर युद्धानं, घोड्यांनी, आजारी मुलांनी आणि दोन पंतप्रधानांनीही आपापल्या परीनं दिलं.

आजोबांची बाग

गोष्ट घरापासून नाही, बागेपासून सुरू होते. ब्रनो हे कापड गिरण्यांचं शहर. इंग्लंडातल्या मँचेस्टरवरून त्याला मोराव्हियाचं मँचेस्टर म्हणत. गिरणीमालकांत जर्मन बोलणारी ज्यू कुटुंबं बरीच होती. त्यांतलंच एक ल्योव्ह-बेअर कुटुंब. आल्फ्रेड ल्योव्ह-बेअर यांनी 1913 मध्ये एक देखणा व्हिला विकत घेतला. व्हिला उताराच्या पायथ्याशी आणि त्याच्यामागे टेकडीवर चढत गेलेली लांबरुंद बाग.

त्यांची मुलगी ग्रेटे. पहिलं लग्न करून ती जर्मनीत गेली, एक मुलगी झाली, पुढे घटस्फोट झाला. बर्लिनमध्ये असताना तिचं एडुआर्ड फुक्स या लेखक-संग्राहकाच्या घरी जाणं-येणं होतं. ते घर मीसनं ऐन पंचविशीत बांधलेलं. तिथल्या खोल्यांतून बागेत उघडणारी दारं तिच्या मनात बसली. 1928 मध्ये तिनं फ्रिट्झ टुगेंटहाटशी लग्न केलं. तोही ब्रनोचाच, कापडाच्याच धंद्यातल्या घरातला. लग्नाची भेट म्हणून आल्फ्रेड यांनी लेकीला आपल्या बागेचा वरचा तुकडा दिला, शिवाय बांधकामाचा खर्चही उचलला.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत हे घर एकटं, स्वयंभू असल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते वडिलांच्या परसात उभं राहिलेलं लेकीचं घर आहे. वर लेक-जावई, खाली आई-वडील, मधे कुंपण न घालता राखलेला उतार. आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा आधी मधली भिंत उभी राहते. इथे ती घातलीच नाही. नातवंडं हिवाळ्यात बर्फावरून घसरत आजी-आजोबांकडे जात. नंतर जगभर गाजलेलं ‘घर आणि बाग एकरूप’ हे तत्त्व या कुटुंबापुरतं इतकं साधं होतं.

मीस येतो

फ्रिट्झ आणि ग्रेटे यांच्या मागण्या फार नव्हत्या. प्रशस्त, साध्या-स्वच्छ आकारांचं घर हवं. लहानपणी पाहिलेल्या, शोभेच्या वस्तूंनी आणि लेसच्या रुमालांनी खच्चून भरलेल्या खोल्यांची फ्रिट्झला शिसारी होती.

मीस सप्टेंबर 1928 मध्ये जागा बघायला आला. टेकडीवरून खाली अख्खं जुनं शहर दिसत होतं. समोर श्पिल्बेर्कचा किल्ला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, त्यानं दोघांना बर्लिनमध्ये आराखडे दाखवले. ग्रेटेनं चाळीस वर्षांनी एका व्याख्यानात ही भेट सांगितली आहे. नववर्षाच्या पार्टीला जायचं राहिलं आणि बोलणं मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होतं.

त्यांनी काही बदल सुचवले. झोपायच्या खोल्यांत मधोमध खांब नकोत, मुलं धडकतील. उन्हापासून आडोसा हवा. मीसनं हे मान्य केलं. पण दारं जमिनीपासून छतापर्यंत उंच नकोत, ती वाकतील, असं फ्रिट्झ म्हणाला तेव्हा मीस ताठ झाला. तसं असेल तर मी बांधतच नाही, असा त्याचा सूर होता. दारं छतापर्यंतच झाली. मीसनं मुलांच्या कपाळाला येणाऱ्या टेंगळासाठी नमतं घेतलं, दारांच्या उंचीसाठी घेतलं नाही. आर्किटेक्टशी घासाघीस केलेल्या प्रत्येकाला यात ओळखीचं काहीतरी सापडेल.

जून 1929 मध्ये काम सुरू झालं. त्याच वर्षी मीसचं बार्सिलोनामधलं पॅव्हिलियन उभं राहिलं. तेही असंच, पोलादी खांब आणि ऑनिक्स दगडाचा मोकळा पडदा असलेलं. ते एका प्रदर्शनापुरतं होतं आणि पुढच्याच वर्षी उतरवलं गेलं. तीच कल्पना ब्रनोत मात्र रोजच्या संसाराला जुंपायची होती. डिसेंबर 1930 मध्ये टुगेंटहाट कुटुंब राहायला आलं. ग्रेटेची आधीची मुलगी हान्ना आणि नऊ महिन्यांचा एर्न्स्ट. धाकटा हर्बर्ट 1933 मध्ये जन्मला.

घर बागेला नेमकं कसं जोडलंय?

नकाशा समोर घेऊन बसलं की मला या घराची खरी गंमत कळते. रस्त्यावरून ते एकमजली, जरा तुसडंच दिसतं. पांढरी भिंत, गॅरेज, ड्रायव्हरचं घर आणि दुधी काचेआडचं प्रवेशदार. आत गेलात की तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असता. इथे झोपायच्या खोल्या आणि मुलांच्या खेळासाठी गच्ची. मग गोल जिन्यानं खाली उतरायचं. खाली सुमारे 24 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद एकच दालन. बसायची जागा, जेवायची जागा, अभ्यासिका, पियानो असं सगळं त्यात, पण मधे पक्की भिंत नाही. भार पेलतात ते अधिक चिन्हाच्या आकाराचे, क्रोमियमनं चमकवलेले पोलादी खांब. त्यामुळे भिंती मोकळ्या झाल्या. एक मोरोक्कोहून आणलेल्या मधाळ ऑनिक्सची. दुसरी जेवणाच्या टेबलाभोवती अर्धगोल फिरणारी, मकासर आबनूस लाकडाची. बाकी आडोसा हवा तर जाड पडदे ओढायचे. फर्निचर मीस आणि लिली राइख यांचं. तिथल्या खुर्च्या आजही ‘ब्रनो’ आणि ‘टुगेंटहाट’ याच नावांनी विकल्या जातात.

आणि मग काच. बागेच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. पूर्वेच्या टोकाला दोन काचांच्या मधे झाडांनी भरलेली अरुंद खोली, म्हणजे हिवाळी बाग. बाहेर बर्फ पडत असताना आधी आतली हिरवी पानं दिसत आणि त्यांच्यापलीकडे पांढरी टेकडी. मावळतीचं ऊन ऑनिक्सवर आलं की दगडाच्या मागच्या बाजूला लालसर उजेड उमटे. दगड इतका पारदर्शी निघेल हे खुद्द मीसलाही ठाऊक नव्हतं, असं ग्रेटे सांगत असे.

पण नीट बघा. या दालनातून पाऊल टाकलं की गवत, असं इथे नाही. दालन बागेपेक्षा एक मजला उंच आहे. बागेत जायचं तर जेवणाच्या बाजूच्या गच्चीवर यायचं आणि रुंद पायऱ्यांनी उतरायचं. काच खाली गेली तरी समोर कठडा राहतो. म्हणजे डोळे आणि वारा लगेच बागेत, पाय मात्र थोडे उशिरा. ग्रेटेनंही लिहिलंय की आत-बाहेरचं नातं महत्त्वाचं आहे, पण ही खोली बागेत विरघळून जात नाही, ती स्वतःत शांत असते. आपल्या पडवीचं असंच असतं. पडवीत बसलेला माणूस अंगणात नसतो, पण अंगणात काय चाललंय हे सगळं त्याला कळत असतं.

बागही घराइतकीच विचारपूर्वक केलेली होती. ब्रनोच्याच ग्रेटे रोडर या उद्यानरचनाकार बाईंनी मीसबरोबर ती आखली. जुनी मोठी झाडं राखली, मधला उतार गवताचा आणि मोकळा ठेवला, घराच्या अंगावर वेली चढवल्या. फुलांच्या ताटव्यांची गर्दी केली नाही. खोलीतून पाहणाऱ्याची नजर गवतावरून घसरत झाडांच्या मधून शहरापर्यंत जावी, यासाठी त्यांनी जागा रिकामी सोडली. आत मीसनं जे दालनात केलं तेच बाहेर त्यांनी मातीत केलं. त्यांचं नाव मात्र या घराच्या गोष्टीत क्वचितच ऐकू येतं.

ही मोकळीक तोलून धरणारा आणखी एक मजला आहे, सगळ्यात खालचा. तिथे बॉयलर, काचा उतरवणाऱ्या मोटर, कपडे धुण्याची जागा, फ्रिट्झची फोटो धुण्याची अंधारखोली. हवा तिथून गाळून, पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन, गरम किंवा गार करून वर सोडली जाई. स्वयंपाकघराला लागून नोकरांच्या खोल्या होत्या. भर हिवाळ्यात अख्खी भिंत काचेची ठेवायची तर कुणीतरी खाली भट्टी सांभाळावी लागते. वरच्या मजल्यावरचा निसर्ग खालच्या मजल्यावरच्या यंत्रांनी आणि माणसांनी चालत होता.

राहता येतं का?

1931 मध्ये ‘डी फॉर्म’ या मासिकात समीक्षक युस्टुस बीअर यांनी तो प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं असं की हे घर सतत मांडून ठेवलेलं आहे. ऑनिक्सच्या आणि लाकडाच्या नक्षीपुढे भिंतीवर चित्र टांगायची सोय नाही. सगळं एका दालनात, मग माणसानं एकटं कुठे बसायचं? इथे राहणं म्हणजे कायम प्रदर्शनात उभं राहणं नाही का?

डावीकडूनही टीका झाली. प्रागचे सिद्धांतकार कारेल टायगे यांना हे घर म्हणजे आधुनिकतेच्या नावाखाली श्रीमंतांनी केलेली मिरवणूक वाटली. कामगारांना धड एक खोली मिळत नाही आणि इथे खिडक्यांना मोटर, हा त्यांचा राग होता. 1932 मध्ये त्यांनी किमान आकाराच्या घरांवर पुस्तकच लिहिलं. मला हा राग खोटा वाटत नाही. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या कुणालाही तो वाटणार नाही.

मग मालकांनीच उत्तर दिलं, आणि वास्तुकलेच्या इतिहासात हे क्वचित घडतं. ग्रेटेनं लिहिलं की या दालनाचा तिला कधी दाब वाटला नाही, उलट मोकळं वाटलं. भिंतीवर चित्रं नसतील, पण इथे ठेवलेलं एक फूलसुद्धा वेगळं उठून दिसतं, आणि माणूसही. पडदे ओढले की हवा तेवढा एकांत मिळतो. फ्रिट्झनंही बाजू मांडली. दोघांचा सूर एकच होता: आम्ही इथे राहतोय, आम्हाला विचारा.

मला ग्रेटेचं उत्तर पटतं आणि टायगे यांचा रागही कळतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण या वादात कुणाच्याच लक्षात न आलेली एक गोष्ट होती. काचेच्या घरात राहायचं तर बाहेरच्या जगावर विश्वास असावा लागतो. ज्या देशात ते राहत होते, तो 1918 मध्ये जन्मलेला चेकोस्लोव्हाकिया, अवघ्या बारा वर्षांचा होता.

1938

12 मार्च 1938 रोजी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. व्हिएन्ना ब्रनोपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. त्याच दिवशी ग्रेटे मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला निघाली. फ्रिट्झ काही महिन्यांनी पोचला. डिसेंबर 1930 ते मार्च 1938, म्हणजे सव्वासात वर्षं. ज्या घरावर शेकडो पुस्तकं निघाली, त्यात ज्यांच्यासाठी ते बांधलं ती माणसं इतकीच राहिली. 1941 मध्ये कुटुंब व्हेनेझुएलाला गेलं. तिथे आणखी दोन मुली झाल्या. आजोबा आल्फ्रेड 1939 मध्ये देशातून निसटताना मरण पावले, नेमकं काय झालं ते कधी उलगडलं नाही. मागे राहिलेल्या नातेवाइकांपैकी अनेकजण नाझींनी मारले.

ऑक्टोबर 1939 मध्ये गेस्टापोनं घर जप्त केलं. पुढे विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याच्या एका जर्मन संचालकाकडे ते गेलं. आबनुसाची अर्धगोल भिंत जागेवरून नाहीशी झाली. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात मोठ्या काचा फुटल्या, एकच शिल्लक राहिली. 1945 मध्ये सोव्हिएत सैन्य आलं आणि दालनात घोडे बांधले गेले. ज्या जागेत माणसं राहू शकतात का यावर मासिकात वाद झाला होता, तिथे आता तबेला होता.

दालनात मुलं

या घराचा पुढचा काळ पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. मला तोच थांबून बघावासा वाटतो.

युद्ध संपलं त्याच वर्षी एका नृत्यशिक्षिकेनं इथे नाचाची शाळा सुरू केली. ती 1950 पर्यंत चालली. मग घर सरकारकडे गेलं आणि मुलांच्या इस्पितळासाठी वापरलं जाऊ लागलं. पाठीच्या कण्याचे विकार असलेली मुलं इथे व्यायामाला येत. ऑनिक्सच्या भिंतीसमोर, बागेकडे तोंड करून, ती मुलं हात वर करत, वाकत, सरळ होत. दालन मोकळं होतं, उजेड भरपूर होता, मधे भिंती नव्हत्या, समोर उतार आणि झाडं. व्यायामशाळेला याहून काय हवं असतं?

टायगे यांच्या रागाला इतिहासानं दिलेलं हे उत्तर थोडं विचित्र आहे. एका कुटुंबासाठी बांधलेली उधळपट्टी काही वर्षं सामान्य घरातल्या मुलांच्या उपयोगी पडली. अर्थात हे न्यायाचं उत्तर मुळीच नाही, कारण ज्यांचं घर होतं त्यांना ते कधीच परत मिळालं नाही. पण ‘राहता येतं का’ या प्रश्नापुरतं बोलायचं तर, मला वाटतं, त्या मुलांनी होकार दिला.

घर वाचवण्याची धडपड ब्रनोचे आर्किटेक्ट फ्रांतिशेक कालिवोदा यांनी सुरू केली. 1963 मध्ये ते संरक्षित वास्तू ठरलं. 1967 मध्ये ग्रेटे स्वतः येऊन गेली. जानेवारी 1969 मध्ये तिनं ब्रनोत ते व्याख्यान दिलं, ज्यात 31 डिसेंबरच्या रात्रीची हकीकत आहे. त्याच्या पाच महिने आधी सोव्हिएत रणगाडे पुन्हा देशात शिरले होते. ज्या शहरातून पळावं लागलं तिथे उभं राहून ती दारांच्या उंचीबद्दल आणि दगडातून येणाऱ्या उजेडाबद्दल बोलली. पुढच्या वर्षी, 1970 मध्ये, ती वारली. फ्रिट्झ 1958 मध्येच गेला होता.

1980 मध्ये घर ब्रनो शहराच्या ताब्यात आलं, डागडुजी झाली आणि त्याचं पाहुण्यांसाठीचं सरकारी निवासस्थान झालं. म्हणूनच 26 ऑगस्ट 1992 रोजी व्हाक्लाव क्लाउस आणि व्लादिमीर मेचियार हे चेक आणि स्लोव्हाक पंतप्रधान इथे भेटले. बागेतल्या एका झाडाखाली बसून त्यांनी देशाच्या वाटणीची बोलणी केली. 1 जानेवारी 1993 रोजी चेकोस्लोव्हाकिया संपला. जो देश तरुण होता म्हणून हे घर उभं राहू शकलं, त्याची वाटणी याच घराच्या बागेत ठरली. गोळी न झाडता देश वेगळे झाले, हे आपल्याला, फाळणी माहीत असलेल्यांना, लगेच जाणवतं.

फाटक

1994 पासून घर लोकांसाठी खुलं आहे. 2001 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते आलं. 2010 ते 2012 या काळात नीट अभ्यास करून जीर्णोद्धार झाला. त्यावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञ समितीचं अध्यक्षपद व्हेनेझुएलात जन्मलेल्या धाकट्या मुलीच्या, कलेतिहासकार डानिएला हामर-टुगेंटहाट यांच्या, पतीकडे होतं. ते स्वतः वास्तुसंवर्धक. एर्न्स्ट, जो नऊ महिन्यांचा असताना या घरात आला आणि आठव्या वर्षी निघाला, तो जर्मन भाषेतला मोठा तत्त्वज्ञ झाला. 2023 मध्ये तो वारला.

2011 मध्ये आबनुसाच्या नाहीशा झालेल्या भिंतीचे बरेचसे भाग सापडले. ब्रनोच्या विद्यापीठातल्या कायदा शाखेच्या कँटीनमध्ये ते भिंतीला लावलेले होते. त्या इमारतीत युद्धकाळी गेस्टापोचं मुख्यालय होतं. म्हणजे दशकानुदशकं विद्यार्थी त्या लाकडाला टेकून जेवत होते. ते तुकडे परत आणून जेवणाच्या टेबलाभोवती बसवले गेले.

आल्फ्रेड यांचं पायथ्याचं घरही दुरुस्त होऊन 2016 मध्ये लोकांसाठी उघडलं. जप्तीनंतर दोन घरं, दोन मालक, दोन कचेऱ्या झाल्या होत्या आणि एकेकाळी अखंड असलेल्या बागेचे दोन तुकडे पडले होते. आता त्या मधल्या कुंपणातलं फाटक पुन्हा उघडं असतं. लेकीच्या घराचं तिकीट महिनोन्‌महिने आधी काढावं लागतं. बाग बघायला मात्र तेवढी वाट पाहावी लागत नाही. पायऱ्या उतरायच्या, गवताच्या कडेनं खाली चालत जायचं आणि फाटकातून आजोबांच्या घरी पोचायचं.